चकेरीच्या भंगारातून उडालेली बॉम्बर

दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा कानपूरजवळच्या चकेरी तळावर चार इंजिनांची अमेरिकन बॉम्बर विमानं एकामागून एक येऊन उभी राहू लागली. बी-२४ लिबरेटर हे त्यांचं नाव. ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सनं ती ब्रह्मदेशातल्या जपानी फौजांविरुद्ध वापरली होती. त्यांनी रेल्वेमार्ग तोडले होते, पूल आणि बंदरं उद्ध्वस्त केली होती. चकेरीहून मात्र त्यांना पुढे कुठंच जायचं नव्हतं. ती तिथे मोडण्यासाठी आणली होती. तरीही तीन वर्षांनी त्यांतलीच काही विमानं स्वतंत्र भारताची निशाणी अंगावर घेऊन पुन्हा आकाशात गेली आणि पुढे वीस वर्षं उडत राहिली.

युद्धातून धडधाकट परतलेली विमानं मोडायची कशाला, हा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचं उत्तर अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातल्या करारात होतं. ही विमानं ब्रिटननं विकत घेतलेली नव्हती. अमेरिकेनं ती ‘लेंड-लीज’ योजनेखाली, म्हणजे युद्धापुरती वापरायला दिली होती. ऑगस्ट १९४५ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी ही योजना बंद केल्यावर ब्रिटनपुढे तीनच वाटा उरल्या: विमानं परत करायची, त्यांची किंमत मोजायची किंवा ती निकामी करून टाकायची. परत नेण्यात अमेरिकेला रस नव्हता. तिच्याकडेच हजारो बॉम्बर पडून होते; एकट्या लिबरेटरची १८ हजारांहून अधिक विमानं युद्धकाळात बनली होती. किंमत मोजायला युद्धानं कंगाल झालेल्या ब्रिटनकडे डॉलर नव्हते. उरला तिसरा मार्ग.

चकेरीत तो मार्ग हातोडा आणि पहारी घेऊन अमलात आला. कॉकपिटमधली उपकरणं फोडली, ॲल्युमिनियमच्या पत्र्याला भोकं पाडली, इंजिनांत वाळू ओतली, अशा हकीकती त्या काळाविषयी सांगितल्या जातात. काम वैतागवाणं होतं आणि ते करणाऱ्या सैनिकांना घरी परतायची घाई होती. त्यामुळे सगळ्या विमानांची सारखीच वाट लागली नाही. कुणाची इंजिनं गेली पण पंख शाबूत राहिले, कुणाचं नाक चेपलं पण शेपूट चांगलं राहिलं. मग ब्रिटिश निघून गेले. ही विमानं उत्तर प्रदेशाचं ऊन आणि पाऊस खात तशीच उभी राहिली.

ती पुन्हा उडू शकली याचं श्रेय दूर बंगळूरात, वेगळ्याच हेतूनं उभ्या राहिलेल्या एका कारखान्याकडे जातं. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद १९३९ मध्ये अमेरिकेहून परत येत असताना विमानात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी गाठ पडली. पॉली तेव्हा चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होते. भारतातही असा कारखाना का नसावा, हा विचार वालचंदांनी तिथून उचलला. म्हैसूर संस्थानानं जागा आणि भांडवल दिलं आणि डिसेंबर १९४० मध्ये ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ ही कंपनी स्थापन झाली. विमानं बांधणं हे तिचं उद्दिष्ट होतं. पण जपान युद्धात उतरला आणि कारखाना दुसऱ्याच कामाला जुंपला गेला. १९४२ मध्ये सरकारनं वालचंदांचा हिस्सा घेतला आणि १९४३ मध्ये कारखान्याचा कारभार अमेरिकन लष्कराच्या हवाई दलाकडे गेला.

वालचंदांच्या स्वप्नासाठी हा धक्का होता. पण पुढच्या घटनांकडे पाहिलं तर देशाला त्याचा फायदाच झाला असं म्हणावं लागतं. युद्धाच्या उरलेल्या दोन वर्षांत बंगळूर हे आशियातल्या विमानदुरुस्तीच्या मोठ्या केंद्रांपैकी एक बनलं. डाकोटा वाहतूक विमानं, कॅटलिना उडत्या नौका, मित्रराष्ट्रांचे बॉम्बर अशी सगळी तिथे येत. इंजिनं उघडली जात, पत्रे बदलले जात, विमान पुन्हा जुळवून उडवलं जाई. हे काम हजारो भारतीय कामगार अमेरिकन पद्धतीनं, अमेरिकन पुस्तिका समोर ठेवून शिकले. युद्धानंतर अमेरिकन गेले. हात आणि हत्यारं इथेच राहिली. कारखान्यानं मग शिलकी डाकोटा घेऊन त्या नागरी विमान कंपन्यांसाठी तयार करून देण्याचं काम चालवलं.

लिबरेटरच्या बाबतीत पुढे एक तांत्रिक योगायोग फार मोलाचा ठरला. लिबरेटर, डाकोटा आणि कॅटलिना या तिन्ही विमानांत प्रॅट अँड व्हिटनी कंपनीच्या ‘ट्विन वॉस्प’ या एकाच कुळातली इंजिनं होती. १४ सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं आणि सुमारे १२०० अश्वशक्तीचं हे इंजिन. लिबरेटरमध्ये अशी चार इंजिनं आणि उंचावर विरळ हवेतही ताकद टिकवणारे टर्बो असत, एवढाच मुख्य फरक. डाकोटाचं इंजिन डोळे मिटून उघडणाऱ्या बंगळूरच्या फिटरला लिबरेटरचं इंजिन परकं नव्हतं.

१९४७ साल उजाडलं आणि फाळणीत वायुदलाचीही वाटणी झाली. भारताच्या वाट्याला स्पिटफायर आणि टेम्पेस्ट या लढाऊ विमानांच्या मोजक्या तुकड्या आणि थोड्या डाकोटा आल्या. जड बॉम्बर एकही नव्हतं, कारण ब्रिटिशांनी ती भारतीयांच्या हाती कधी दिलीच नव्हती. युद्धकाळात भारतीय स्क्वाड्रनांनी उडवलेलं बॉम्बफेकी विमान म्हणजे एका इंजिनाचं व्हेंजन्स. ऑक्टोबरमध्ये काश्मीर पेटलं. २७ तारखेला डाकोटांनी शीख रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे सैनिक श्रीनगरला उतरवले आणि त्यानंतर वर्षभर ही बिनशस्त्र विमानं पडेल ते काम करत राहिली. एअर कमोडोर मेहेर सिंग यांनी वेढ्यात सापडलेल्या पूंछला डाकोटा उतरवली. मे १९४८ मध्ये जनरल थिमय्यांना सोबत घेऊन ते लेहला उतरले, जिथली धावपट्टी साडेदहा हजार फुटांहून अधिक उंचीवर कशीबशी तयार केली होती. बॉम्बर नाहीत म्हणून डाकोटाच्या उघड्या दारातून बॉम्ब ढकलून द्यायचे, हा उपायही वैमानिकांनी करून पाहिला.

धाडस अफाट होतं, पण दारातून बॉम्ब लोटून वायुदल चालत नाही, हे दिल्लीला कळत होतं. नवे बॉम्बर विकत घ्यायचे तर डॉलर लागणार होते. चलन पौंडाशी जोडलेल्या, म्हणजे स्टर्लिंग प्रदेशातल्या इतर देशांप्रमाणे भारताकडेही त्यांची चणचण होती, आणि युद्ध चालू असलेल्या देशाला बॉम्बर विकायला कुणी उत्सुकही नव्हतं. अशा वेळी चकेरीतल्या त्या गंजत्या विमानांची आठवण झाली. परदेशी जाणकारांचं मत विचारलं गेलं तेव्हा ही विमानं पुन्हा उडणं शक्य नाही असं उत्तर आलं, असं भारतीय वायुदलाच्या इतिहासकारांनी लिहून ठेवलं आहे. त्यांचं म्हणणं अडाणीपणाचं नव्हतं. जी विमानं जाणून-बुजून निकामी केली आहेत आणि ज्यांना बनवणाऱ्या कंपनीचा आधार नाही, ती उडवणं एरवी कुणीही वेडेपणाच मानलं असतं. हिंदुस्तान एअरक्राफ्टनं तरीही काम अंगावर घेतलं.

काम दोन टप्प्यांत करायचं ठरलं. बंगळूरच्या कारखान्यात यंत्रं, माणसं, हँगर सगळं होतं; चकेरीत मोकळं मैदान होतं. एवढी मोठी विमानं रेल्वेनं किंवा रस्त्यानं दीड हजार किलोमीटर नेणं शक्य नव्हतं. लिबरेटरच्या पंखांचा पसारा साडेतेहेतीस मीटरचा, आणि रिकाम्या विमानाचं वजनच सोळा टनांच्या वर. तेव्हा प्रत्येक विमान चकेरीतच एका उड्डाणापुरतं जुळवायचं, ते उडवत बंगळूरला न्यायचं आणि खरी दुरुस्ती तिथे करायची, असा बेत झाला.

चकेरीत गेलेल्या पथकानं आधी रांगेतली सर्वांत कमी बिघडलेली विमानं निवडली आणि मग उरलेल्यांना सुट्या भागांचं कोठार मानलं. एकाचं इंजिन दुसऱ्याला, तिसऱ्याची शेपटी चौथ्याला, याचं चाक त्याला. गोधडी शिवताना घरातली जुनी लुगडी जशी कामी येतात, तशी एकेका लिबरेटरसाठी आजूबाजूची विमानं कामी आली. पण गोधडीच्या टाक्यावर कुणाचा जीव टांगलेला नसतो. इथे एक केबल झिजलेली राहिली किंवा एक नळी सुकलेली राहिली तरी वैमानिक जाणार होता. लिबरेटरच्या पंखात इंधन साठवण्यासाठी रबराच्या टाक्या असत. पेट्रोलच्या गळतीसाठी हे विमान नवं असतानाही बदनाम होतं. उन्हात दोन-तीन वर्षं पडून राहिलेलं रबर काय झालं असेल याची कल्पना करता येते. चाकं वर घेणं, पंखांचे फ्लॅप हलवणं यांसाठी तेलाच्या दाबावर चालणारी नळ्यांची गुंतागुंत होती. ती प्रत्येक विमानात तपासून बदलावी लागत होती.

आणि मग प्रश्न आला, उडवणार कोण? कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद कैकोबाद मुन्शी ऊर्फ जिमी मुन्शी पुढे आले. लिबरेटर उडवण्याचं प्रशिक्षण देणारं तिथे कुणी नव्हतं. वैमानिकांसाठी छापलेली पुस्तिका हाच त्यांचा गुरू. मुन्शींनी ती वाचली आणि पहिलं विमान बंगळूरला नेलं. मग परत येऊन दुसरं नेलं, मग तिसरं. सुरुवातीच्या उड्डाणांत चाकं वर घेण्याचा धोका पत्करायचा नाही, ती खालीच ठेवायची, असा नियम पाळला गेल्याचं सांगतात. वर गेलेली चाकं पुन्हा खाली आलीच नाहीत तर काय, ही भीती होती. एरवी आठ-दहा जणांच्या चमूनं सांभाळायचं हे विमान, सुकाणू जड, चार इंजिनांतलं कुठलंही कधी दगा देईल याचा भरवसा नाही, आणि खाली विंध्य, सातपुडा आणि दख्खन. असे फेरे त्यांनी चाळीसच्या घरात केले.

बंगळूरात विमान हँगरमध्ये आलं की त्याचा सांगाडा उघडला जाई. गंजलेले पत्रे कापून नवे रिव्हेट करणं, तारा नव्यानं ओढणं, इंजिनं पूर्ण खोलून बांधणं, उपकरणं बसवणं, हा सगळा क्रम युद्धकाळात अंगवळणी पडलेला होता. म्हणूनच वेग येऊ शकला. वर्ष संपण्याआधी पहिली सहा विमानं सेवेसाठी सज्ज झाली आणि २ नोव्हेंबर १९४८ रोजी कानपूरला वायुदलाची ५ क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली. भारताची ही पहिली जड बॉम्बर स्क्वाड्रन. तिचा जन्म त्याच तळावर झाला जिथे तिची विमानं मारून टाकली होती. एकूण किती विमानं पुन्हा उडाली याचा आकडा भारतीय लेखनात ४२ सापडतो, तर त्यांतलं एक विमान पुढे मिळवलेल्या अमेरिकन संस्थेच्या माहितीत ३६. कुठलाही धरला तरी पराक्रम लहान होत नाही.

ज्या युद्धासाठी ही घाई झाली ते मात्र या विमानांची वाट पाहत थांबलं नाही. स्क्वाड्रन उभी राहून दोन महिने होताहेत तोच १ जानेवारी १९४९ रोजी काश्मिरात शस्त्रसंधी झाला. त्या युद्धाचं पारडं फिरवलं ते डाकोटा आणि टेम्पेस्ट यांनीच. तेव्हा चकेरीच्या उद्योगाचं मोल युद्धाच्या जयापजयात शोधू नये.

ते दुसरीकडे सापडतं, आणि त्यातला मोठा भाग पुण्यात घडला. लिबरेटरच्या स्क्वाड्रनला लोहगाव तळ मिळाला. १९५१ मध्ये ६ क्रमांकाची स्क्वाड्रनही पुण्यातच लिबरेटरवर नव्यानं उभी राहिली. तिच्याकडे समुद्रावरची टेहळणी आली. अरबी समुद्रावर दूरवर, तासन्‌तास उडत राहून जहाजांवर नजर ठेवायची, या कामाला लिबरेटरइतकं लायक विमान वायुदलाकडे दुसरं नव्हतं. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्यांविरुद्ध याच विमानानं नाव कमावलं होतं. चार इंजिनांचं विमान उडवणारा वैमानिक, रात्री समुद्रावर ताऱ्यांवरून दिशा काढणारा नेव्हिगेटर, बॉम्ब साधणारा, तोफ चालवणारा आणि या सगळ्यांना एक चमू म्हणून वागायला शिकवणारी शिस्त, ही भारतीय वायुदलाला पहिल्यांदा लिबरेटरनं दिली. १९५७ मध्ये जेट बॉम्बर कॅनबेरा आलं तेव्हा ते घेणारी पहिली स्क्वाड्रन होती तीच, ५ क्रमांकाची. कॅनबेरानं पुढे १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत जे काम केलं, त्याची शाळा चकेरीच्या भंगारातून निघाली होती.

कारखान्यालाही त्यातून बळ मिळालं. ज्या कंपनीनं परक्यांनी टाकून दिलेलं विमान उडवलं, तीच ऑगस्ट १९५१ मध्ये आपलं स्वतःचं विमान घेऊन पुढे आली. एचटी-२ या प्रशिक्षण विमानाचा आराखडा डॉ. विष्णू माधव घाटगे यांचा. कोल्हापूरच्या मातीतला हा माणूस जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्र शिकून आला होता. एचटी-२ पहिल्यांदा उडवलं ते जिमी मुन्शींनीच.

लिबरेटर वायुदलात १९६८ च्या अखेरीपर्यंत टिकली. तोवर जगात लष्करी सेवेत असलेली लिबरेटर जवळपास कुठेच उरली नव्हती. अमेरिकेनं आपली हजारो विमानं वितळवून टाकली होती. मग एक गंमत घडली. जगभरच्या संग्रहालयांना या विमानाची गरज लागली तेव्हा त्यांना भारताकडे यावं लागलं. १९६८ मध्ये एक लिबरेटर कॅनडाला गेली. बदल्यात भारताला लायसँडर हे जुनं विमान मिळालं. ते आज दिल्लीच्या पालम संग्रहालयात आहे. १९६९ मध्ये एक लिबरेटर उडत अमेरिकेत ॲरिझोनाला पोचली. १९७४ मध्ये एक ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाकडे गेली. ज्या दलानं तिला मारलं होतं त्याच दलाकडे. आणखी एक १९८१ मध्ये एका ब्रिटिश संग्राहकानं घेतली. ती पुढे अमेरिकेत कॉलिंग्ज फाउंडेशनकडे पोचली, तिथे तिला पुन्हा उभं करण्यात आलं, १९८९ मध्ये ती उडाली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं अमेरिकेतल्या शहरांतून लोकांना दर्शन देत फिरली. आज जगात ज्या थोड्या पूर्ण लिबरेटर पाहायला मिळतात, त्यांतल्या बऱ्याच जणींचं पुनरुज्जीवन बंगळूरात झालेलं आहे. पालमलाही एक आहे, पण ती उडत नाही.

या गोष्टीचा दुसरा अंक आपल्या काळातला आहे. २०१२ मध्ये वायुदलाच्या ८० व्या वर्धापनदिनी हिंडन तळावर एक टायगर मॉथ उडालं. १९३० च्या दशकातल्या या दुपंखी विमानावर भारतीय वैमानिकांच्या पिढ्या शिकल्या. ते उडण्याजोगं करण्याचं काम ब्रिटनमधल्या एका खास कंपनीनं केलं होतं. मग आली डाकोटा. वायुदलात डाकोटा उडवलेल्या एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर यांचे चिरंजीव, तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी एक जुनी डाकोटा मिळवली आणि ती स्वखर्चानं दुरुस्त करून वायुदलाला देऊ केली. प्रस्तावाला काही वर्षं लागली. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना तो मार्गी लागला. दुरुस्तीचं काम ब्रिटनमध्येच झालं. १७ एप्रिल २०१८ रोजी कॉव्हेंट्रीहून निघालेलं विमान फ्रान्स, इटली, ग्रीस आणि पश्चिम आशिया असे मुक्काम करत २५ तारखेला जामनगरला उतरलं. ४ मे रोजी ते हिंडनला वायुदलात दाखल झालं. त्याचं नाव ‘परशुराम’, आणि शेपटीवरचा क्रमांक व्हीपी ९०५. १९४७ मध्ये श्रीनगरला सैनिक घेऊन उतरलेल्या डाकोटाचा हाच क्रमांक होता.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की एक फरक टोचतो. १९४८ मध्ये परदेशी जाणकार नाही म्हणाले ते काम बंगळूरनं करून दाखवलं. २०१८ मध्ये त्याच बंगळूरच्या हातांखालून हजारदा गेलेलं विमान उभं करायला कॉव्हेंट्रीला जावं लागलं. यासाठी कुणाला दोष देणं न्यायाचं होणार नाही. १९४८ मध्ये सुट्या भागांचा ढीग समोर होता, तेच इंजिन रोजच्या वापरात होतं आणि ते उघडणारी माणसं चाळिशीच्या आत होती. सत्तर वर्षांनी यांतलं काहीच उरलं नव्हतं. ब्रिटनमध्ये ते उरलं, कारण तिथे जुनी विमानं उडती ठेवण्याचा धंदा आणि छंद दोन्ही अखंड चालू राहिले. विमान दुरुस्त करण्याचं ज्ञान आराखड्यांत अर्धंच असतं. उरलेलं अर्धं फिटरच्या बोटांत असतं, आणि फिटर निवृत्त झाला की ते जातं.

म्हणून हा इतिहास महाराष्ट्रानं आजच मनावर घ्यायला हवा. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ वायुदलातून निवृत्त झालं. साठच्या दशकापासून ही विमानं नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात बांधली गेली. ती बांधणारे, त्यांची इंजिनं उघडणारे, रात्री-अपरात्री बिघाड शोधणारे कितीतरी जण आज नाशिक-निफाडच्या घरांत निवृत्तीचं आयुष्य जगताहेत. मिग-२१ ला चौकातल्या खांबावर चढवणं सोपं आहे. आपण ते करतोच आहोत. त्याऐवजी एक तरी विमान इंजिन चालू होईल अशा अवस्थेत ठेवावं, आराखडे आणि पुस्तिका एका ठिकाणी जपाव्यात आणि या कामगारांच्या तोंडून त्यांची विद्या नोंदवून घ्यावी. हे काम वायुदल, हिंदुस्तान एअरक्राफ्टची वारस असलेली हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि आपली अभियांत्रिकी महाविद्यालयं मिळून करू शकतात. त्याला फार पैसा लागत नाही, पण ते करण्याची मुदत ती माणसं आपल्यात आहेत तोवरच आहे.